पुदिन्याच्या चहाची रंगपरीक्षा
पुदिन्याच्या चहातील अँटिऑक्सिडंट, म्हणजे मुक्त मूलकांना निष्प्रभ करणारी द्रव्ये, जोखण्यासाठी डीपीपीएच हे जांभळ्या रंगाचे स्थिर मूलक वापरतात. ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत चहाचा अर्क मिसळल्यावर रंग पिवळट होत जातो आणि ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण जितके घटते, तितकी अर्काची क्षमता अधिक मानली जाते. अशा द्रव्यांपैकी फिनॉले या गटाचे एकूण प्रमाण फोलिन-सिओकाल्टो विक्रियाकारकाने मोजतात, परंतु तो क जीवनसत्त्वालाही प्रतिसाद देत असल्याने हा आकडा सावधपणेच वाचावा लागतो. रोझमॅरिनिक आम्ल, एरिओसिट्रिन अशी पेपरमिंट या पुदिन्याच्या प्रकारातील प्रमुख द्रव्ये सुटी करून मोजायची, तर एचपीएलसी हे द्रव वर्णलेखनाचे तंत्र लागते. परीक्षानळीत दिसलेली क्षमता हा शरीरातील परिणामाचा पुरावा नव्हे.