एकच क्रियापद, स्पेनमध्ये ‘पोहोचणं’, रोमानियात ‘निघणं’! असं कसं घडलं?

गाडी आली की सुटली, एवढं समजण्यात चूक झाली तरी प्रवास हुकतो. युरोपात मात्र हे दोन्ही उलट अर्थ एकाच लॅटिन क्रियापदातून आले आहेत.

मूळ शब्द कोणता?
लॅटिनमधलं ‘प्लिकारे’, म्हणजे घडी घालणं. इटालियन ‘पियेगारे’ आणि फ्रेंच ‘प्लिए’ यांनी हा अर्थ जपला. स्पॅनिश ‘येगार’ आणि पोर्तुगीज ‘शेगार’ म्हणजे पोहोचणं. रोमानियन ‘प्लेका’ म्हणजे निघणं.

उच्चार इतके वेगळे का?
लॅटिन शब्दाच्या सुरुवातीचा ‘प्ल’ अनेकदा स्पॅनिशमध्ये ‘य’सारखा, तर पोर्तुगीजमध्ये ‘श’ झाला. पाऊस म्हणजे लॅटिन ‘प्लुविया’. स्पॅनिशमध्ये ‘युविया’, पोर्तुगीजमध्ये ‘शुवा’. रोमानियनने ‘प्ल’ टिकवला, तिथे पाऊस म्हणजे ‘प्लोआये’.

घडीचा प्रवासाशी काय संबंध?
नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण असं: किनारा आला की खलाशी शिडं गुंडाळत, म्हणून ‘पोहोचणं’. छावणी हलवताना तंबू गुंडाळत, म्हणून ‘निघणं’. आपणही निघून जाण्याला ‘गाशा गुंडाळणं’ म्हणतोच.

पुरावा आहे का?
पोहोचण्याच्या अर्थाला आहे. ‘प्लिकारे’पासूनच बनलेलं ‘अ‍ॅप्लिकारे’ हे क्रियापद लॅटिनमध्ये जहाज किनाऱ्याला लावण्यासाठी वापरलं जाई. चौथ्या शतकाच्या अखेरीस एगेरिया नावाच्या स्त्रीने पवित्र भूमीच्या यात्रेचं वर्णन लिहिलं. त्याचं हस्तलिखित १८८४मध्ये इटलीतल्या अरेझ्झो इथे सापडलं. त्यात जमिनीवरच्या प्रवासातही ठिकाण गाठण्यासाठी ‘प्लिकारे’ आहे. म्हणजे तोवर हा अर्थ जहाजापुरता राहिला नव्हता.

तंबूच्या कहाणीला इतका जुना लेखी आधार नाही. कारण साधं आहे: रोमानियन भाषेतलं तारीख ठाऊक असलेलं सर्वांत जुनं पत्रच १५२१चं आहे. त्यामुळे ही कहाणी पटणारी असली, तरी ती सिद्ध झालेली नाही. शब्दांच्या जन्मकथा फॉरवर्ड करताना हा फरक लक्षात ठेवायला हवा.

तुमच्या फोनशी काय नातं?
याच ‘अ‍ॅप्लिकारे’वरून इंग्रजीत ‘अ‍ॅप्लिकेशन’ आलं आणि त्याचं छोटं रूप म्हणजे ‘अ‍ॅप’. मेसेजला दिलेला ‘रिप्लाय’ही ‘प्लिकारे’च्याच कुळातला. रोमन खलाशांची ही घडी रोज आपल्या हातात असते.