स्वादुपिंडातल्या पाण्याच्या गाठी : ओळख आणि उपचार

स्वादुपिंड जठराच्या मागे, मणक्यालगत खोलवर असते. आतड्यातला वायू मध्ये येत असल्याने पोटाच्या सोनोग्राफीत ते अनेकदा पूर्ण दिसत नाही. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी पित्ताच्या खड्यासाठी किंवा साध्या पोटदुखीसाठी केलेल्या तपासणीत तिथे पाण्याची गाठ दिसली, की घरात पहिला शब्द उच्चारला जातो तो कॅन्सर. यातल्या अनेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण काहींमध्ये पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून गाठ कोणत्या जातीची आहे हे ठरवणे हेच या आजारातले मुख्य काम आहे.

पहिला प्रश्न मागच्या आजाराचा. दारूमुळे किंवा पित्ताच्या खड्यांमुळे स्वादुपिंडाला सूज आली, की काही आठवड्यांनी तिथे द्रव साठून आभासी गाठ तयार होऊ शकते. तिला स्वतःचे अस्तर नसते. त्रास नसेल तर ती बहुधा आपोआप जिरते; दुखणे, उलट्या किंवा ताप असेल तरच निचरा करावा लागतो, तोही भिंत घट्ट झाल्यावर, साधारण ४ आठवड्यांनंतर. सुजेचा इतिहास नसताना दिसलेल्या गाठीला मात्र आभासी गाठ म्हणून सोडून देऊ नये. निदानातली ही चूक महागात पडते.

खऱ्या निरुपद्रवी गाठींमध्ये सिरस सिस्टॲडेनोमा सर्वांत महत्त्वाचा. तो बहुधा पन्नाशी-साठीतल्या स्त्रियांत आढळतो. सीटी किंवा एमआरआयवर अनेक बारीक कप्पे मधाच्या पोळ्यासारखे दिसतात. काही रुग्णांत मधोमध व्रण आणि त्यात कॅल्शियम असते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत अशा २,६२२ रुग्णांची नोंद होती. या गाठीमुळे होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण ०.१ टक्क्याहूनही कमी निघाले, तरीही ६१ टक्के रुग्णांवर शस्त्रक्रिया झालेली होती. काहींना त्रास होता, हे खरे. पण अनेकांच्या बाबतीत निदानाची खात्री नव्हती म्हणून पोट उघडावे लागले. स्वादुपिंडाच्या डोक्याकडची गाठ काढायची तर व्हिपल शस्त्रक्रिया करावी लागते. तीत जठराला लागून असलेले लहान आतडे, पित्तनलिका आणि स्वादुपिंडाचा भाग काढून नवे जोड द्यावे लागतात. एका निरुपद्रवी गाठीसाठी एवढी किंमत मोजणे अन्यायाचे आहे.

लिम्फोएपिथेलियल ही निरुपद्रवी गाठ सिरस गाठीपेक्षा दुर्मिळ. तिचे वर्णन १९८५ मध्ये जर्मन डॉक्टरांनी प्रथम केले. ती मुख्यतः मध्यमवयीन पुरुषांत होते. तिच्यामुळे रक्तातले सीए १९-९ हे कर्करोगसूचक द्रव्य वाढू शकते आणि डॉक्टरही फसतात. सुईने काढलेल्या नमुन्यात केराटिन आणि लिम्फोसाइट पेशी दिसल्या तर उलगडा होतो. एकाच रुग्णात अनेक साध्या गाठी असतील तर व्हॉन हिपेल-लिंडाऊ या आनुवंशिक आजाराचा विचार करावा. अशा वेळी डोळे, मेंदू, मूत्रपिंडे तपासावी लागतात आणि घरच्यांचीही तपासणी करावी लागते.

मराठवाड्याच्या डोंगरपट्ट्यात आणखी एका गाठीची आठवण ठेवायला हवी, ती म्हणजे हायडॅटिड. मेंढ्यांच्या आतड्या-काळजाचे टाकलेले तुकडे खाऊन कुत्र्याला फीतकृमी होतो. त्याच्या विष्ठेतली अंडी हातातून, पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीतून माणसाच्या पोटात जातात. गाठी बहुतेक यकृतात आणि फुफ्फुसांत होतात. स्वादुपिंडात होण्याचे प्रमाण १ टक्क्यापेक्षाही कमी आहे. आतल्या लहान गाठी किंवा सुटलेला पडदा सीटीवर दिसला तर संशय घ्यावा. रक्ततपासणी नकारात्मक आली तरी हायडॅटिड नाही असे ठरत नाही. या गाठीत बेसावधपणे सुई घालू नये. द्रव पोटात सांडला तर तीव्र ॲलर्जी होऊन जीव धोक्यात येऊ शकतो आणि आजार पसरतो. अल्बेंडाझोल, प्रौढांना बहुधा ४०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, आणि शस्त्रक्रिया हा नेहमीचा मार्ग. औषध चालू असताना यकृताची व रक्ताची तपासणी करत राहावे लागते. मेंढपाळांनी आतडी कुत्र्यांपुढे टाकण्याऐवजी पुरली आणि कुत्र्यांना वेळेवर जंताचे औषध दिले, तर या गाठीला मूळच उरत नाही.

तपासणीचा क्रम ठरलेला आहे. सोनोग्राफीनंतर स्वादुपिंडासाठीचा सीटी, मग नलिका दाखवणारा एमआरसीपी. तरीही शंका राहिली आणि हायडॅटिडचा संशय नसेल, तर एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडखाली द्रव काढतात. द्रवातले सीईए हे सूचक द्रव्य दर मिलीलिटरला ५ नॅनोग्रॅमपेक्षा कमी असेल तर गाठ बहुधा सिरस किंवा आभासी. १९२ पेक्षा जास्त असेल तर श्लेष्मल असल्याची शक्यता बळावते, आणि तिच्यात कर्करोगाचा धोका असतो. द्रवातली साखर ५० मिलीग्रॅम/डेसिलिटरपेक्षा कमी असणेही त्याच दिशेचे लक्षण. द्रवातले अमायलेज हे स्वादुपिंडाचे विकर लिटरला २५० युनिटपेक्षा कमी असेल तर आभासी गाठ जवळपास बाद होते.

कावीळ, वाढते दुखणे, गाठीतला भरीव भाग किंवा रुंदावलेली मुख्य नलिका दिसल्यास थांबू नये. निदान पक्के झालेल्या, त्रास नसलेल्या सिरस गाठीला मात्र शस्त्रक्रिया नको. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तरी अशा गाठीचा अंतिम निर्णय स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या केंद्रातच घ्यावा. रुग्णाने रिपोर्टसोबत मूळ प्रतिमांची सीडीही जपून ठेवावी. गाठ वाढली की नाही, हे जुन्या प्रतिमेशी ताडूनच ठरते.