कोड्यातलं लोह, अंगातलं लोह

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली की शेवटची दहा मिनिटं आम्ही शब्दकोडं सोडवतो. वर्तमानपत्रातलं कोडं कुणीतरी कापून आणतं, एक जण वाचते, बाकीच्या उत्तरं सांगतात. जिची शाळा चौथीतच सुटली, तीही यात मागे नसते. मागच्या महिन्यात आम्ही एकच शब्द घेतला, 'लोखंड', आणि त्याच्याभोवती किती कोडी होतात ते पाहिलं. फळा भरला, आणि शेवटी जी गोष्ट बाहेर आली ती तुम्हालाही सांगावीशी वाटली.

आधी कोड्याचा नियम. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर बसतं, काना-मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर सगळं धरून. म्हणून 'लोखंड' तीन घरांचं आणि 'लोह' दोन घरांचं. सूचना एकच असली तरी घरं मोजली की उत्तर बदलतं. 'एक धातू', घरं दोन: लोह. घरं तीन: लोखंड. तिथे 'पोलाद'ही बसतं, मग आडव्या-उभ्या शब्दांनीच निकाल लागतो. 'घण मारणारा', घरं तीन: लोहार. 'टाचण्या ओढून घेतो', घरं पाच: लोहचुंबक. 'सरदार पटेलांची उपाधी', घरं पाच: लोहपुरुष. 'लोणावळ्याजवळचा किल्ला', घरं चार: लोहगड.

'गाडीचा रस्ता', घरं चार, हे मात्र कुणालाच येईना. आम्ही म्हटलं, अगं, वसई रोड स्टेशनात पोलिसांची पाटी वाचली नाहीस का? लोहमार्ग पोलीस! रोज त्या पाटीखालून जाणाऱ्या बायका कपाळावर हात मारून हसल्या. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत गाडी धावू लागली १८६७ साली. तेव्हापासूनचा हा आपला रस्ता, त्याचंच नाव आपल्याला आठवलं नाही.

मग 'कपड्यांच्या सुरकुत्या काढते', घरं दोन. उत्तर इस्त्री. एक वहिनी म्हणाल्या, "शेवटच्या घरात स्त्रीच! हे कामही बाईच्याच नावावर." सगळ्या हसल्या, पण त्या स्त्रीशी या शब्दाचा संबंध नाही. अभ्यासक हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेला मानतात. तिकडे 'एस्तिरार' म्हणजे ताणणं, ताणून सरळ करणं. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचा अंमल होता, तेव्हा हे आपल्याला नवल वाटायला नको. चावी, पगार, घमेलं हे शब्दही तिकडूनच आलेले. इंग्रजीत मात्र लोखंड आणि इस्त्री या दोन्हींना एकच शब्द, आयर्न. त्यामुळे इंग्रजी कोडी रचणाऱ्यांची चंगळ. धातू, इस्त्री, गोल्फची काठी, बेड्या, यातलं काहीही त्या एका शब्दात लपवता येतं.

आणखी एक गंमत. संस्कृतात 'लोह' या शब्दाचा मूळ अर्थ तांबूस. आधी तो तांब्याला लावत, पुढे सगळ्याच धातूंना, आणि नंतर तो लोखंडावर स्थिरावला. म्हणूनच पाच धातूंच्या मिश्रणाला पंचलोह म्हणतात. 'लोहित' म्हणजे तांबडा, आणि रक्तालाही लोहित म्हणतात.

रक्ताचं नाव निघालं तशी आमच्यातली एक ताई गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे त्या गोळ्या..." तिला सहावा महिना. तपासणीत रक्त कमी निघालं होतं आणि आयर्नच्या गोळ्या मिळाल्या होत्या. आयर्न म्हणजे काय, हे तिने लेकीला विचारलं. लेक इंग्रजी शाळेत जाते. ती म्हणाली, "आयर्न म्हणजे लोखंड, नाहीतर इस्त्री." शेजारणीने भर घातली, त्याने मूल काळं होतं. त्यात शौचाला काळी झाली, म्हणून ती घाबरली. दोन महिन्यांच्या गोळ्या तांदळाच्या डब्यामागे तशाच पडून होत्या.

लेकीचं उत्तर चूक नव्हतं. चुकीच्या घरात बसलं होतं, इतकंच. गोळीतलं लोह म्हणजे लोखंडाचा क्षार, पचेल अशा रूपातला. गरोदरपणाच्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, चिमूटभर मिठाहूनही कमी. बाईच्या सबंध अंगात मिळून दोन-तीन ग्रॅम, एखाद्या लहान खिळ्याएवढं. पण रक्तातलं हिमोग्लोबिन त्यातूनच बनतं, आणि श्वासातला प्राणवायू अंगभर तेच पोचवतं. ते कमी पडलं की जिना चढताना धाप लागते, बसल्या जागी थकवा येतो, आणि बाळंतपणात जिवावर बेतू शकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे आपल्या वीस जणींच्या गटात दहा-अकरा.

तेव्हा लक्षात ठेवा. गोळीने शौचाला काळी होते, त्यात भिण्यासारखं काही नाही. मुलाच्या रंगाशी गोळीचा संबंध नाही. गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका. लिंबूपाण्याबरोबर घ्या, लोह अंगी लागतं. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस. त्रास झाला तर गोळी परस्पर बंद करू नका, आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारा. जोडीला लाल माठ, शेवग्याचा पाला, नाचणी, हळीव, आणि खात असाल तर तिसऱ्या आणि सुकट. आमटी लोखंडी कढईत केली तर थोडं लोह तिच्यातूनही उतरतं.

त्या ताईने दुसऱ्या दिवशी आशाताईंना गाठलं. आता गोळी रोज घेते, आणि बैठकीत आल्या आल्या आम्हाला सांगते, "आज लोखंड खाऊन आले."

कोड्यात घर चुकलं तर खोडरबर असतं. औषधाच्या चिठ्ठीवरचा शब्द कळला नाही तर विचारा, पुन्हा विचारा, लाजू नका.

आणि जाता जाता आमच्या गटाने रचलेलं एक कोडं. पाणी पिऊन वाढतो, लोखंड खाऊन जगतो, घरं दोन. आपल्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक खिडकीला तो भेटतो. ओळखलंत ना? गंज!