काचेची कुजकी फळं

अमेरिकेत हार्वर्डच्या संग्रहालयात लोक काचेची फुलं पाहायला जातात. मला विचाराल, तर आधी सडकी फळं पाहावीत. करड्या बुरशीनं माखलेली स्ट्रॉबेरी, रोगानं आकसलेली पीचची पानं. सगळी काचेची! रुडॉल्फ ब्लाश्का यांनी ती १९२४ ते १९३२ या काळात घडवली. देखणं फूल घडवताना थोडं सजवलं तरी खपून जातं. पण रोगाचा डाग जिथं पडतो तिथंच दाखवावा लागतो. ब्लाश्कांची खरी थोरवी मला तिथं दिसते.

या कामाची सुरुवात समुद्रातून झाली. रुडॉल्फ यांचे वडील लिओपोल्ड १८५३ साली अमेरिकेला निघाले असता वारा पडला आणि जहाज खोळंबलं. त्या रिकाम्या वेळात त्यांनी जेलीफिश निरखले. असे मऊ जीव अल्कोहोलमध्ये ठेवले की रंग आणि आकार दोन्ही गमावतात, त्यामुळे संग्रहालयांपुढे दाखवायचं काय, असा प्रश्नच असे. ड्रेस्डेनमध्ये लिओपोल्डनी काचेची समुद्रफुलं करून दिली, आणि हळूहळू जगभरातून मागणी येऊ लागली. पुढं हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज गुडेल १८८६ मध्ये त्यांच्या दारी पोचले. दाबून वाळवलेली झाडंही सपाट होतात, फिकटतात; गुडेल यांची अडचणही तीच होती.

काचच का? काचेतल्या अणूंना स्फटिकासारखी शिस्तबद्ध रांग नसते, म्हणून बर्फासारखा वितळण्याचा ठरावीक बिंदूही नसतो. तापवत नेली की ती आधी मऊ, मग चिकट, मग पातळ होते. कसब चालतं ते या मधल्या टप्प्यात. पायानं भाता मारून ज्योत प्रखर करायची आणि चिमट्यानं काच ओढून पुंकेसर काढायचा. दोन प्रकारच्या काचा जोडताना मात्र त्यांचं आकुंचन जुळावं लागतं, नाहीतर थंड होताना सांधा तडकतो.

१८९५ मध्ये लिओपोल्ड गेले. रुडॉल्फ १९३६ पर्यंत एकटेच राबले. दोघांचे मिळून सुमारे ४,३०० नमुने, ७८० जाती! काही देठांत तार आहे, कुठं सरस, कुठं रंगाचा लेप. हे सगळं वेगवेगळ्या गतीनं जुनं होतं, त्यामुळे आज हे नमुने जपणाऱ्यांना काचेइतकीच सरसाचीही काळजी घ्यावी लागते.