मॅगीचा निवाडा आणि काही रूढ समजुती

2015 च्या 5 जून रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने मॅगी नूडल्सच्या नऊ प्रकारांवर मनाईहुकूम काढला, तेव्हा जो वाद माजला त्यात उभय पक्षांचा आवेश मोठा आणि माहिती मात्र तुटपुंजी होती; त्या वेळच्या कित्येक समजुती आजही तशाच प्रचलित आहेत.

पाकिटावर चौदा अंकी क्रमांक छापलेला असला, की सरकारने तो जिन्नस तपासून पसंत केला, ही त्यांतली पहिली. वस्तुतः तो क्रमांक उत्पादकाच्या वा व्यापाऱ्याच्या परवान्याचा असतो. माल निर्धोक ठेवण्याची प्रथम जबाबदारी 2006 च्या कायद्याने त्याच्याच शिरावर ठेवली आहे, आणि सरकारी अंमलदार अधूनमधून नमुने घेतात, इतकेच.

दुसरी समजूत अशी, की बंदी अजिनोमोटोच्या, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेटच्या (एमएसजी), विषारीपणामुळे आली. ग्लुटामेट टोमॅटोत आणि चीजमध्येही निसर्गतः असते. तक्रार होती ती ‘एमएसजी घातलेले नाही’ या वेष्टनावरील विधानाच्या खरेपणाविषयी. गंभीर आक्षेप शिशाचा होता: बाराबंकीत घेतलेल्या नमुन्यात कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेला दर दहा लाख भागांत 17.2 भाग शिसे आढळले, आणि मर्यादा होती 2.5 ची.

परंतु सर्वांत चिवट समज हा, की मुंबई उच्च न्यायालयाने परदेशी कंपनीची बाजू घेऊन मॅगीला निर्दोष ठरविले. असे म्हणणाऱ्यांनी निवाडा वाचला असेल, असे मला वाटत नाही. 13 ऑगस्टला न्यायालयाने बंदी रद्द केली ती कंपनीला आपले म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नव्हती आणि ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर हुकूम उभा होता त्यांना आवश्यक ती मान्यता नव्हती, या कारणांसाठी. आणि त्याच निवाड्यात मोहाली, जयपूर व हैदराबाद येथील मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नमुन्यांची फेरतपासणी करावी, त्यांत शिसे मर्यादेत आढळले तरच उत्पादनास मुभा द्यावी, आणि नव्या मालाचीही पुन्हा परीक्षा होईपर्यंत विक्री करू नये, असे बंधन घातले. निर्दोष ठरविलेल्या आरोपीला कोणी अशा अटी घालत नाही! दोन्ही तपासण्यांत शिसे मर्यादेच्या आत निघाले आणि नोव्हेंबरात माल पुनश्च दुकानांत आला.

त्याच ऑगस्टात, दुसऱ्या एका प्रकरणात, नव्या खाद्यवस्तूंना पूर्वमंजुरी सक्तीची करणाऱ्या प्राधिकरणाच्या सूचनापत्रांना कायद्याचे बळ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, तेव्हा आता लगामच सुटला अशी हाकाटी झाली. वास्तविक न्यायालयाचा आक्षेप मंजुरीच्या कल्पनेला नव्हता, तर कायद्याने सांगितलेली विनियम करण्याची रीत टाळून नुसत्या पत्रकाने ती लादण्याला होता, आणि मानके ठरलेली नाहीत अशा खाद्यपदार्थांच्या मंजुरीचे विनियम पुढे 2017 साली रीतसर करण्यात आले.