टाचेला मांडीची कातडी का चालत नाही?

मानवतमध्ये बाईकवर मागं बसलेल्या माझ्या भाच्याची टाच चाकात अडकली. कातडी सोलून हाड दिसलं. मी डॉक्टरांना म्हटलं, "मांडीची कातडी लावा ना!" ते म्हणाले, "उघड्या हाडावर ती धरत नाही. टाचेला जाड कातडी आणि चरबीची गादी लागते."

तशी कातडी तळपायाच्या खोलगट भागात असते. तिथं वजन पडत नाही. तीच रक्तवाहिनी आणि नसेसकट टाचेवर सरकवली. मांडीची कातडी रिकाम्या जागी लावली. नस शाबूत, म्हणून खडा टोचला की कळतं. नाही कळलं तर नकळत जखम होते.

भाचा आता चालतो. तरी रोज रात्री मोबाईलच्या टॉर्चनं मी त्याचा तळपाय बघतोच. तुम्हीही लेकरांचे पाय चाकापासून लांब ठेवा, बरं का!