तबकातील वृक्ष

नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ लोणखेडा हे गाव आहे. उत्तरेस सातपुड्याची रांग आणि दक्षिणेस तापी नदी, अशा या प्रदेशात शेतांच्या बांधांवर बोरी-बाभळी जागोजाग दिसतात. त्यांतील एखादी बोर चांगली पंधरा-वीस हात उंच असते. तिच्या सावलीत गुरे विसावतात आणि हिवाळ्यात बोरे पिकली की तिच्याखाली मुलांची गर्दी जमते. परंतु थोड्याच अंतरावर, गुरांच्या वाटेला लागून, तिचेच एखादे भावंड जेमतेम गुडघ्याएवढे उंच असलेले आढळते. पाहणाऱ्यास वाटते, हे रोपटे कालपरवाच उगवले असावे. पण खाली वाकून पाहावे, तो त्याचे खोड मनगटाएवढे जाड! साल खडबडीत आणि भेगाळलेली. वयाने ते शेजारच्या उंच झाडाच्या बरोबरीचेही असू शकते.

एकाच मातीत वाढलेल्या या दोन झाडांत एवढा फरक का पडावा? याचे उत्तर शेळ्यांच्या दातांत आहे. झाडाच्या शेंड्यावर जो कोंब असतो, तो आपल्या खालच्या कोंबांना सहसा वाढू देत नाही. त्यामुळे झाड सरळ वर चढत जाते. शेळीने तो शेंडा खुडला की खालचे निजलेले कोंब जागे होतात व बाजूंना फांद्या फुटतात. पुढे त्यांचेही शेंडे खुडले जातात. असे वर्षानुवर्षे घडत राहिले म्हणजे झाडाला उंची मिळत नाही; मात्र खोड सावकाश जाड होते, फांद्या दाट होतात, आणि लहानशा झुडपाला जुन्या वृक्षाची मुद्रा येते.

जे काम शेळी नकळत करते, तेच काम जपानमधील माळी शतकानुशतके समजून-उमजून करीत आले आहेत. या कलेला बोन्साय म्हणतात. ‘बोन’ म्हणजे उथळ तबक किंवा कुंडी आणि ‘साई’ म्हणजे लावणे. या कलेचे मूळ चीनमध्ये आहे. तेथील एका राजपुत्राच्या इ. स. 706 मधील थडग्याच्या भिंतीवर, लहानगी झाडे लावलेले तबक हाती धरलेला सेवक रंगविलेला आहे. चीनमधून ही कला जपानमध्ये गेली आणि तेथे तिला आजचे रूप आले. पुढे ती जगभर पसरली. युरोपात शेतांच्या कुंपणांना ‘ब्लॅकथॉर्न’ नावाचे आलुबुखाराच्या कुळातील एक काटेरी झुडूप असते. त्याची साल काळपट असते, आणि वसंत ऋतूत पाने फुटण्यापूर्वीच ते पांढऱ्या फुलांनी भरून जाते. कुंपणात वारंवार छाटले गेल्यामुळे त्याची खोडे ठेंगणी व पिळदार होतात. तेथील हौशी लोक त्याचे सुंदर बोन्साय करतात. आपल्याकडील बोर ही त्या कुळातील नव्हे. तथापि काटे, चिवटपणा आणि छाटणीनंतर पुन्हा फुटण्याची शक्ती या गुणांत ती ब्लॅकथॉर्नला मुळीच हार जात नाही.

बोन्सायविषयी दोन गैरसमज फार प्रचलित आहेत. पहिला असा की, ही झाडांची एखादी बुटकी जात असते. तसे मुळीच नाही. तबकातील वीतभर बोरीचे बी बांधावर पेरले, तर त्यातून पूर्ण वाढीचे झाड होते. दुसरा गैरसमज असा की, झाडाला उपाशी ठेवून खुरटविलेले असते. वास्तविक उपाशी झाड लहान राहत नाही, ते मरते. बोन्सायला अन्न, पाणी आणि ऊन ही तिन्ही वेळच्या वेळी द्यावी लागतात. त्याचे लहानपण भुकेमुळे आलेले नसून छाटणीमुळे आलेले असते.

मग बांधावरचे ते गुडघाभर झुडूप उपटून कुंडीत लावावे काय? बोरीचे सोटमूळ जमिनीत फार खोल गेलेले असते. खणताना ते तुटते आणि बहुधा झाडच हातचे जाते. म्हणून शहाणा माणूस बीपासून आरंभ करतो. बोरीची बी कठीण असते. तिचे कवच हलकेच फोडून पेरली तर ती लवकर रुजते. रोप जोम धरू लागले की त्याचे सोटमूळ थोडे छाटतात, म्हणजे बाजूची मुळे वाढतात आणि पुढे उथळ तबकात झाड नीट बसते. पहिली काही वर्षे रोप मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत वाढवून खोड जाड होऊ द्यावे लागते. येथे घाई उपयोगी पडत नाही.

नंतर फांद्यांना वळण देण्याचे काम येते. त्यासाठी तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार फांदीभोवती तिरपी गुंडाळतात व फांदी हळूहळू वाकवितात. जुनी फांदी ताठ असते, ती मोडण्याचा संभव असतो; म्हणून कोवळेपणीच वळण द्यावे हे बरे. बोरीच्या प्रत्येक पानाच्या बुडाशी सामान्यतः दोन काटे असतात, एक सरळ आणि एक आकडीसारखा वाकलेला. त्यामुळे हातांत जाड मोजे असलेले बरे. तार सालीत रुतण्यापूर्वी आठवणीने काढावी लागते; नाहीतर तिचे वळ झाडावर वर्षानुवर्षे राहतात.

उन्हाळ्यात बोरीची पाने गळतात. तीच तिच्या छाटणीची वेळ होय. दोन-तीन वर्षांनी, पावसाळ्याच्या तोंडाशी, झाड तबकातून काढून त्याची वाढलेली मुळेही कातरतात आणि वाळू, विटांचे बारीक तुकडे व शेणखत मिसळलेली नवी माती घालतात. वरची पाने आणि खालची मुळे यांचा तोल राहिला पाहिजे, हे या कलेचे मर्म आहे. छाटणीने पाने लहान होतात; पण फळे मात्र लहान होत नाहीत. आंब्याच्या बोन्सायला आंबा लागलाच, तर तो नेहमीच्याच आकाराचा असतो आणि विजोड दिसतो. लहान पानांची व लहान फळांची रानबोर तबकात शोभते, ती यामुळेच.

परंतु खरी परीक्षा पाण्याची. बांधावरील बोरीची मुळे खोल ओलाव्यापर्यंत पोहोचतात. वैशाखातील ऊन ती सहज सोसते. तबकातील बोरीजवळ माती असते ती चार बोटे. खानदेशच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर गेला की एका दिवसाच्या विसरण्याने दहा वर्षांचे काम वाळून जाते. ज्याने झाडाची मुळे तबकात आणली, त्याने त्या झाडाचा ओलावाही आपल्याकडे घेतला. बोन्साय करणे क्रूरपणाचे की प्रेमाचे, हा प्रश्न कात्री सोडवीत नाही. तो रोजची झारी सोडविते.

अशी झारी किती काळ चालू राहू शकते? जपानमधील हिरोशिमा शहरी यामाकी नावाच्या कुटुंबाकडे पाइनचे एक बोन्साय होते. 1625 पासून ते जोपासले जात होते. 6 ऑगस्ट 1945 रोजी त्या शहरावर अणुबाँब पडला. यामाकींची बाग तेथून सुमारे तीन किलोमीटरांवर होती. घराच्या काचा फुटल्या. पण भिंतीच्या आडोशामुळे ते झाड वाचले, कुटुंबही वाचले. पुढे 1976 मध्ये मासारू यामाकी यांनी ते झाड अमेरिकेलाच भेट दिले! बाँबची हकिगत मात्र तेथे कोणास ठाऊक नव्हती. 2001 मध्ये त्यांचे नातू वॉशिंग्टनला ते झाड पाहावयास गेले, तेव्हा ती उघड झाली. आज चारशे वर्षांचे ते झाड तेथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात उभे आहे. पिढ्या बदलल्या, देश बदलला, पण पाणी घालणारा हात कधी थांबला नाही.

तबकातील वृक्ष कितीही सुंदर असला, तरी त्याच्या सावलीत गाय बसू शकत नाही, आणि त्याच्या बोरांनी पाखरांचे पोट भरत नाही. म्हणून ज्याला बोरीचे बोन्साय करावयाचे असेल, त्याने एकाऐवजी दोन बिया रुजवाव्यात. एक तबकात लावावी आणि दुसरी बांधावर. बांधावरचे झाड एकदा मूळ धरले की आपले आपण वाढेल. तबकातले मात्र रोज सकाळी आपल्या धन्याची वाट पाहील.